खड्ड्यापुरती सोडचिठ्ठी

श्रमाला लिंग नसते, श्रमाला फक्त प्रतिष्ठा असते. हे वाक्य आमच्या पंचायत समितीच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. वळणावर माणूस थांबतो, थांबला की थुंकतो. त्यामुळे 'प्रतिष्ठा' या शब्दाचा खालचा अर्धा भाग खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी तांबडा झाला होता. त्या जिन्यावरून मी सहा वर्षं चढ-उतार केली. वाक्याशी माझं भांडण नव्हतं. ते नेमकं कोणत्या खड्ड्यात लागू होतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

खड्डे हा माझा विषय. पदाचं नाव तांत्रिक सहायक. काम म्हणजे रोजगार हमीच्या ठिकाणी जाऊन चुन्याच्या फक्कीने खड्ड्यांची आखणी करून द्यायची आणि आठवड्याने टेप लावून किती माती निघाली ते लिहायचं. मी वरोऱ्याची, म्हणजे कापूस-सोयाबीनच्या मुलखातली. जंगल आणि धान हे दोन्ही नोकरीत पाहिले. आधी दोन वर्षं एटापल्लीकडे, नक्षलग्रस्त भागात होते, मग वैनगंगेच्या अलीकडच्या या तालुक्यात आले. एटापल्लीहून बदलून आलेल्या माणसाकडे इथे जरा अदबीने पाहतात, जणू तो सीमेवरून परतला आहे. मी तिथेही खड्डेच मोजले होते.

त्या वर्षी जानेवारीत एका गावात बोडीचं काम निघालं. धानाच्या बांध्यांना पाणी देण्यासाठी गावोगाव लहान तळी असतात, अशा तळ्याला इथे बोडी म्हणतात. ही बोडी गाळाने भरून इतकी उथळ झाली होती की म्हशीही तिच्यात नाइलाजाने बसत. सकाळी सात वाजता लोक जमले. कामाच्या जागी जे जे असायला हवं ते सगळं होतं: सावलीसाठी हिरवी जाळी, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी. पेटीत एक आयोडीनची बाटली आणि मेटच्या खर्र्याच्या चार पुड्या.

मेट म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा आणि काम वाटून देणारा, गावातलाच माणूस. माणूस वाईट नव्हता. हातात मोबाइल आल्यापासून त्याचा आवाज थोडा वाढला होता, इतकंच. तो एकेक खड्डा दाखवत जाई आणि एकेक जोडपं त्यात उतरे. नवरा कुदळ मारणार, बायको टोपल्यात माती भरून काठावर नेऊन टाकणार. हे इतकं सरळ चाललं होतं, की मीही कधी त्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी एक बाई उभी राहिली. पस्तीस-अडतीसची असावी. खांद्यावर कुदळ, कमरेला टोपलं. कुदळीचा दांडा वीतभर कापलेला होता. कापाची जागा ताजी, पांढरी दिसत होती. कुदळ नवऱ्याची होती, दांडा आता तिच्या उंचीचा झाला होता.

"जोडी कुठी हाये, बाई?" मेटने विचारलं.

"वर गेली," ती म्हणाली. "चार वर्सं झाली. तूच तं खांदा देला होता."

खड्ड्यांतून हसू आलं. मेटने खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"तसं नाई व. खनाले कोन, फेकाले कोन? एकट्या माणसाले खड्डा देता येत नाई. नियम हाये."

"कुठला नियम?" मी विचारलं. नियम हा शब्द ऐकला की सरकारी माणसाला आपल्या घरात कोणीतरी शिरल्यासारखं वाटतं.

"जोडीचा, मॅडम."

"असा नियम नाही. मागेल त्याला काम, एकट्याला, बाईला, कोणालाही. पुस्तकात आहे."

"पुस्तकात तं लय काही राह्यते," मेट शांतपणे म्हणाला. "आन् हे खड्डे तं तुमीच आखले नं जोडीच्या हिशोबानं?"

हे मात्र खरं होतं. खड्ड्याचं माप मी माझ्या आधीच्या माणसाच्या डायरीतून उतरवलं होतं. तिथे सुबक अक्षरात 'प्रति जोडी एक खड्डा' असं लिहिलेलं होतं. त्याने ते त्याच्या आधीच्या माणसाकडून घेतलं असणार. बाईचं काम अडवणारा नियम पुस्तकात नाही, असं मी ठासून सांगितलं होतं आणि तो माझ्याच फक्कीच्या डब्यात निघाला. मला या तालुक्यात सरकारी क्वार्टर मिळालं नव्हतं, कारण क्वार्टर 'कुटुंबासह राहणाऱ्यांना' असतं. तेव्हा मी महिनाभर संतापून फिरत होते. जोडी विचारणाऱ्यांत आपणही आहोत, हे मला बोडीत कळलं.

त्या बाईला गावात सगळे दहावीवाली म्हणत. तिची मुलगी दहावीत होती, आणि हे तिने गावात प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की परीक्षा तीच देणार आहे असं वाटावं. आमच्या या भागातल्या बायका धान निघालं की तेलंगणात मिरची तोडायला जातात. मुकादम गाडी पाठवतो. गाडी गेली की दोन-अडीच महिने कोणी परत येत नाही. तीही दरवर्षी जायची, मुलीला आजीजवळ ठेवून. मागच्या वर्षी ती गेली आणि आजी आजारी पडली, मग मुलगी पाणी भरायची, रांधायची, आजीला दवाखान्यात न्यायची आणि उरलेल्या वेळात नववी शिकायची. नववीत ती जेमतेम निघाली. या वर्षी आजी नव्हती. दहावीवाली मिरचीला गेली, तर मुलीला सोबत जावं लागणार, आणि गाडीत बसलेली मुलगी दहावीला बसत नाही. गावात खड्डा मिळाला तर दोघी घरी. गाडी गुरुवारी येणार होती. आज सोमवार होता.

तेवढ्यात पलीकडच्या खड्ड्यातून एक बाई वर आली. मेटच्या मोठ्या भावाची बायको. मेट तिला वहिनी म्हणे, म्हणून सगळं गाव तिला मोठी वहिनी म्हणे. तिच्या खड्ड्यात मोठे भाऊही होते, म्हणजे हजेरीत होते. मोबाइलवर मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो काढावा लागतो. दोन्ही फोटोंना मोठे भाऊ कुदळ धरून इतके ताठ उभे राहत, की चौथरा तेवढा कमी वाटे. दोन फोटोंच्या मधला वेळ ते मोहाच्या झाडाखाली घालवत.

"मी हिच्यासंगं जोडी लावतो," मोठी वहिनी म्हणाली. इकडे बायकाही 'लावतो, करतो' असंच बोलतात.

"वहिनी," मेट आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा नवरा जिता हाये."

"माहीत हाये मले. सकाळीच पाह्यला."

"मंग?"

"मंग काय? खड्ड्यापुरती सोडचिठ्ठी. मीच खनतो, मीच फेकतो, हे झाडाखाली बसून राह्यते. त्यापरीस हिच्यासंगं बरं. ही बोलते तं खरी."

मी फक्कीचा डबा उघडला आणि एक नवा खड्डा आखून दिला. समतेच्या लढ्यातला माझा वाटा हा एवढाच. मोजला तर चार रेघा.

मेटने शेवटची अट घातली. "शनिवारी माप होईन. माती कमी निघाली तं हा खड्डा बंद. मंग मले बोलू नका."

खड्ड्याखड्ड्यांतून थोडी कुजबुज झाली. बाईने कुदळ मारायची म्हणजे काय, वगैरे. याच बायका जंगलात सब्बलीने, म्हणजे पहारीने, कंद खणतात, घराच्या कुडाला खुंट रोवतात, त्यावर कधी कोणी कुजबुजलं नाही. बाईने कंदासाठी जमीन खणली तर तो स्वयंपाक. बोडीसाठी खणली तर ते बंड.

खरी पंचाईत मंगळवारी सकाळी झाली. मोठे भाऊ फोटोसाठी कुदळ घेऊन उभे राहिले, आणि बायकांतून एकीने विचारलं, "भाऊ, जोडी कुठी हाये?"

"हे काय, बायको हाये नं!"

"ते तं तिकडं हाये. तुमी एकटे. नियम हाये नं बाप्पा, एकट्या माणसाले खड्डा नाई!"

मेटने माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत होते आणि टेप गुंडाळणं हे लक्ष देऊन करायचं काम आहे. लहान भावाने मोठ्या भावाला कामावरून घरी पाठवायचं, हे या गावात कोणी केलेलं नव्हतं. नियम मोडायचा तर कालच काय सांगितलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. शेवटी त्याला वाट सापडली. गावात एक बिनलग्नाचा गडी होता. तो आईबरोबर जोडीने कामाला यायचा, पण आईचा गुडघा धरला होता, म्हणून तोही एकटा पडला होता. मेटने त्या दोघांची जोडी लावली. नियम वाचला, भाऊही वाचला.

बुधवारी मी दुसऱ्या गावाला होते. गुरुवारी परत आले तेव्हा मुकादमाची गाडी बोडीजवळच्या रस्त्यावर थांबलेली होती. गाठोडी, भांडी, बायका, सगळं एकावर एक बसलेलं. मुकादम काठावर येऊन ओरडला, "चालतं का व? मागून बोंबलशीन, गाडी परत येनार नाई!"

दहावीवाली खड्ड्यात कमरेइतकी खाली होती. तिच्या खड्ड्याचं भवितव्य शनिवारी ठरणार होतं आणि गाडी आज निघणार होती. मधले दोन दिवस कुठूनही आणता येण्यासारखे नव्हते. तिने कुदळ मातीत रोवली, पदराने तोंड पुसलं.

"नाई जमत, भाऊ," ती म्हणाली. "मले दहावी हाये."

गाडी गेली. मोठ्या वहिनीने टोपलं उचललं आणि म्हणाली, "आता मार लवकर. नाई तं तुह्यासंगं मी बी नापास होईन."

शनिवारी मी माप घ्यायला बसले. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट मुद्दाम तसाच सोडतात. त्याच्या डोक्यावर जुनं गवत राहतं, त्यामुळे जमीन आधी कुठवर होती आणि आता किती खाली गेली ते कळतं. दोघींच्या खड्ड्यात तो खुंट एकट्या अपक्ष उमेदवारासारखा उभा होता, डोक्यावर गवताची जुडी घेऊन. मी टेप लावला. मेट माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याने आकडा वाचला, पुन्हा टेप लावायला सांगितला. पुन्हा लावला. मातीचं मत बदललं नाही. त्या आठवड्यातला तो सगळ्यांत खोल खड्डा होता. दोघी आळीपाळीने खणत आणि आळीपाळीने माती टाकत. एकीचे हात दमले की दुसरीची मान दमलेली असे, म्हणून त्या बदलून घेत. इतकी साधी युक्ती लग्नाच्या जोडीला कधी सुचली नव्हती.

दहावीवालीने खुंटाच्या डोक्यावरचं गवत जरा सरळ केलं.

मग मी मोठ्या भाऊंच्या खड्ड्याकडे गेले, आणि मला खड्डा दिसेना.

फक्कीच्या चार रेघा होत्या. आत ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग होता, जवळजवळ जमिनीला लागलेला. ढिगावर मोठे भाऊ आणि बिनलग्नाचा गडी दोन कुदळी घेऊन उभे होते. टोपलं काठावर होतं, कोरं. झालं होतं असं, की दोघेही खणायला आले होते. खणणं पुरुषाचं, आणि आता बायको नव्हती, त्यामुळे ते दोघांनी मन लावून केलं होतं. टोपलं डोक्यावर घेणं बाईचं. ते दोघांपैकी कोणी घेणार नव्हता. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी माती गुडघ्याला आली. मग ते मातीवर उभे राहून बाजूचं खणू लागले. चार दिवस त्यांनी खणलेल्या मातीतच पुन्हा खणलं. खुंटही आतच कुठेतरी गाडला गेला होता.

"खनलं तं हाये, मॅडम," मोठे भाऊ म्हणाले. "हात घालून पाहा."

"बाहेर काढलेली माती मोजतात, भाऊ. हलवलेली नाही."

त्यांनी टोपल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर कुरबूर नव्हती, खरं आश्चर्य होतं.

"म्हंजे फेकनं बी कामच धरता का तुमी?"

पलीकडून मोठी वहिनी कोरड्या आवाजात म्हणाली, "एकवीस वर्सं फेकून राह्यली मी. मले वाटलं, तुमाले ठाऊक असन."

कॉलेजात असताना बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवर मी एक जाडजूड पुस्तक वाचलं होतं. तळटिपांसकट वाचलं होतं. आता कोणी विचारलं तर मी पुस्तकाचं नाव सांगत नाही, या खड्ड्याची गोष्ट सांगते. वेळ कमी लागतो आणि ऐकणारा झोपत नाही. मोजमापाच्या वहीत त्या खड्ड्यापुढे मी शून्य लिहिलं. सहा वर्षांत मी इतकं नेमकं काही लिहिलं नव्हतं.

सोमवारी मेटने हजेरीच्या आधी घसा साफ केला आणि जाहीर केलं की आजपासून जोडीचा नियम नाई, ज्याले जसं काम करायचं तसं करा. एखादा जुना जुलमी कायदा रद्द केल्यासारखा त्याचा आवाज होता. भावाची ती शून्याची जोडी मोडून त्याला एकट्याने कामावर ठेवायला दुसरा उपाय नव्हता, हे सगळ्यांना समजलं. त्याच दुपारी आणखी चौघी आल्या: एक नवऱ्याने टाकलेली, एक लग्न न झालेली, दोघी अशा की ज्यांचे नवरे चंद्रपूरला गेले होते ते अजून जातच होते. मी लहान खड्डे आखून दिले, एकट्याला पुरतील असे. डायरीतल्या 'प्रति जोडी'वर काट मारली, माझ्यानंतरच्या माणसाने तिथून उतरवून घ्यावं म्हणून.

मोठ्या भाऊंनी टोपलं उचललं. आधी खांद्यावर घेऊन पाहिलं. सगळी माती सदऱ्यात गेली. मोठी वहिनी पलीकडून पाहत होती. दोन आठवडे तिने काही सुचवलं नाही.

जानेवारी संपता संपता वरून पत्र आलं. तालुक्यात श्रमसन्मान सोहळा, त्यात सर्वांत जास्त माती काढणाऱ्या एका 'आदर्श श्रमिक दाम्पत्या'चा सत्कार. मोजमापाप्रमाणे नावं कळवावीत. मी मोजमापाप्रमाणे नावं कळवली. पत्रात दाम्पत्याची व्याख्या नव्हती आणि मी विचारलीही नाही. कार्यालयात ती नावं टाइप झाली, तपासली गेली, तीन सह्या झाल्या. सरकारी कामात नाव वाचायचं नसतं, सही कुठे करायची ते पाहायचं असतं.

सोहळ्याला मंडप होता. जिन्यातलं वाक्य यानिमित्ताने पुन्हा रंगवलं होतं आणि मंडपावरही फडकत होतं. पाहुण्यांनी स्त्री ही शक्ती आहे हे चाळीस मिनिटं सांगितलं. ती शक्ती तोवर मंडपाबाहेर उन्हात उभी होती, कारण खुर्च्या संपल्या होत्या. मग नावं पुकारली गेली आणि दोघी स्टेजवर चढल्या.

सूत्रसंचालकाने हातातला कागद उलटा करून पाहिला. "पती कुठे आहेत?" त्याने माइकवरच विचारलं.

"एक वर," मोठी वहिनी म्हणाली, "आन् एक मंडपाच्या मांग, जेवनाच्या लायनीत."

माइक चालू होता, म्हणून हे सगळ्या तालुक्याने ऐकलं. ताटात पत्नीसाठी साडी आणि पतीसाठी टॉवेल-टोपी होती. पाहुणे साडी उजवीकडे द्यावी की डावीकडे या विचारात पडले. फोटोवाला ओरडत होता. दहावीवालीने साडी घेतली. मोठ्या वहिनीने हात पुढे केला.

"आना इकडे टॉवेल. घरी एक नवरा हाये."

साडी जांभळी होती. फेब्रुवारीत दहावीच्या मुलींचा शाळेत निरोप समारंभ असतो, त्या दिवशी सगळ्या मुली साडी नेसतात, बहुतेक आईची नाही तर शेजारणीची. दहावीवालीच्या मुलीने ही नेसली. आईने सकाळी निऱ्या घालून दिल्या आणि मग कामावर आली, अर्धा तास उशिरा. मेटने हजेरी लावली. मार्चमध्ये मुलीने सगळे पेपर दिले. परीक्षा संपली त्या दिवशी दहावीवाली खड्ड्यात शिरताना म्हणाली, "सुटली बाप्पा मी," आणि खणायला लागली.

टोपीचं काय झालं ते मला माहीत नाही. टॉवेल मोठ्या भाऊंकडे गेला. त्याची चुंबळ करून, डोक्यावर ठेवून, त्यावर टोपलं घ्यायचं असतं, हे मोठ्या वहिनीने त्यांना सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकदाच दाखवलं. त्यानंतर बोडी पूर्ण होईपर्यंत त्यांनी माती वाहिली. टॉवेल मात्र रंग सोडणारा निघाला. हंगाम संपला तेव्हाही मोठ्या भाऊंचं कपाळ गुलाबी होतं.